भास्कराचार्य

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण नावाचे एक जुने स्थळ आहे. आज तेथे गर्द रान आहे आणि पाटणादेवीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू सोडले तर इतरांची पावले तिकडे क्वचितच वळतात. देवगिरीच्या यादवांच्या काळी मात्र हे एक भरभराटलेले नगर होते. तेथील एका पडक्या देवळात एक शिलालेख होता. मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो प्रसिद्ध केला. त्या लेखात एका विद्वान घराण्याच्या अनेक पिढ्यांची नावे ओळीने कोरलेली आढळली. त्यातील एका पूर्वजाला राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिल्याचाही उल्लेख होता. याच मालिकेत महेश्वरांच्या पुत्राचे नाव होते. ते नाव भास्कराचार्यांचे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. प्राचीन ग्रंथकार आपल्याविषयी सहसा काही लिहीत नसत. भास्कराचार्यांनी मात्र जन्मशक, गोत्र, गाव आणि ग्रंथ लिहिला तेव्हाचे आपले वय इतके सगळे सांगितले, हा पुढच्या पिढ्यांवर त्यांचा उपकारच म्हटला पाहिजे. त्यांचे गोत्र शांडिल्य. गावाचे नाव विज्जडविड असे असून ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले होते. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते पाटणच्या आसपास मानतात, कोणी विजापूर हेच ते गाव असे म्हणतात. वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच होते.

त्या काळी ज्योतिष म्हणजे प्रामुख्याने आकाशाचे गणित. सूर्य, चंद्र आणि ग्रह अमुक दिवशी कोठे असतील, ग्रहण केव्हा लागेल, दिवस किती घटकांचा होईल, हे सर्व अगोदर सांगावयाचे असे. अशा घरात दिशा ओळखणे हा नित्याचा विषय असे. अंगणातील सपाट जमिनीवर एक वर्तुळ काढीत. त्याच्या मध्यावर बारा अंगुळे उंचीची एक सरळ काठी उभी करीत. तिला शंकू म्हणत. सकाळी शंकूची लांब सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरे. जेथून ती आत शिरे तेथे खूण करीत. दुपारनंतर ती पुन्हा लांबत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडे. तेथेही खूण करीत. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळे. ही रीत फार जुनी. परंतु सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य स्वतःही थोडासा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे ही रेषा किंचित तिरकी येते. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात तेवढाही फरक काढून टाकण्याची रीत दिली आहे. यावरून त्यांच्या बुद्धीचा स्वभाव समजतो. थोडक्या चुकीकडे डोळेझाक करणे त्यांना मानवत नसे.

आकाशात काहीही मोजावयाचे तर ते हातांनी वा कोसांनी मोजता येत नाही. तेथे माप कोनाचे. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाच्या ६० कला. परंतु सूर्य २४ अंशांवर आहे एवढे सांगून भागत नाही. कोठून २४ अंश, आणि कोणत्या बाजूला, हेही सांगावे लागते. विषुववृत्ताच्या वर आकाशात जे वर्तुळ कल्पिलेले आहे त्याच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस सूर्य जितका सरकलेला असेल तितकी त्याची क्रांती. ही क्रांती उत्तर असली तर हिशेब एका प्रकारचा होतो, दक्षिण असली तर नेमका उलट होतो.

उज्जयिनीचेच उदाहरण घ्यावे. भास्कराचार्यांच्या गणनेप्रमाणे उज्जयिनी विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी, म्हणजे साडेबावीस अंश, उत्तरेस आहे. म्हणून तेथे उभे राहणाऱ्या मनुष्याच्या डोक्यावरच्या बिंदूपासून आकाशातील विषुववृत्त साडेबावीस अंश दक्षिणेस दिसते. वर्षातील सर्वांत लहान दिवशी सूर्याची क्रांती दक्षिण असते आणि प्राचीन ग्रंथांच्या मानाने ती २४ अंश असते. साडेबावीस आणि चोवीस यांची बेरीज करावयाची. मध्यान्ही सूर्य डोक्यापासून साडेसेहेचाळीस अंश दक्षिणेस राहतो आणि सावली उत्तरेकडे लांब पडते. सर्वांत मोठ्या दिवशी क्रांती उत्तर असते. आता बेरीज करून चालणार नाही, वजाबाकी केली पाहिजे. परंतु साडेबाविसांतून चोवीस वजा कसे करावयाचे? उत्तर येते ऋण दीड अंश. या उत्तराचा अर्थ आकाशात स्पष्ट दिसतो. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस नसतोच. तो डोक्याच्या पलीकडे, दीड अंश उत्तरेस गेलेला असतो आणि शंकूची सावली दक्षिणेकडे पडते. पाटणला तर मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत, सुमारे दोन महिने, दुपारची सावली अशीच दक्षिणेकडे पडत असते. त्यांतील पुष्कळसे दिवस पावसाळी ढगांत जात असल्यामुळे अनेकांच्या हे ध्यानातही येत नाही.

अशाच प्रकारचा आणखी एक हिशेब पंचांग करणाऱ्यांना रोज करावा लागे. ग्रहांची गणिते उज्जयिनीवरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेला धरून केलेली असत. आज ग्रिनिचच्या रेषेला जो मान आहे तो त्या काळी भारतात उज्जयिनीच्या रेषेला होता. या रेषेच्या पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो, पश्चिमेकडील गावी उशिरा उगवतो. काशी उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारे ७ अंशांवर आहे. म्हणून केवळ या अंतरामुळे काशीचा सूर्योदय सव्वा घटका आधी होतो. (अक्षांशांमुळे पडणारा फरक निराळा; त्याचा हिशेब वेगळा करीत.) उज्जयिनीच्या सूर्योदयाचा चंद्र काढला असेल तर काशीच्या सूर्योदयी तो तितका पुढे पोहोचलेला नसणार. सव्वा घटकेत चंद्र सुमारे १६ कला चालतो. तेव्हा काशीसाठी १६ कला वजा करावयाच्या. द्वारका पश्चिमेस, तिच्यासाठी मिळवावयाच्या. पूर्वेस ऋण, पश्चिमेस धन, असा हा नियम.

एखाद्या गणकाने घाईत काशीसाठी वजा करण्याऐवजी १६ कला मिळविल्या तर काय होईल? चूक १६ कलांची न राहता ३२ कलांची होते. चंद्राचे पूर्ण बिंबच मुळी सुमारे ३२ कलांचे आहे. म्हणजे एका चिन्हाच्या चुकीने चंद्र आपल्या जागेपासून एका संपूर्ण चंद्राइतका दूर जातो. आकडेमोड कितीही बिनचूक असो, बाजू चुकली की सारे चुकले. ग्रहणासारख्या गोष्टीत तर अशी चूक सगळ्या गावाला उघड्या डोळ्यांनी दिसे.

धन आणि ऋण या कल्पना भास्कराचार्यांच्या पूर्वीही भारतात रूढ होत्या. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकार-भागाकाराचे नियम लिहून ठेवले होते. या नावांतच त्यांचा अर्थ आहे. धन म्हणजे गाठीची संपत्ती, ऋण म्हणजे डोक्यावरचे कर्ज. ऋणसंख्या लिहिताना अंकाच्या डोक्यावर एक टिंब देत. पाच मोहरा गाठीला आणि आठ मोहरांचे कर्ज असेल तर तीन मोहरांचे कर्ज उरते, हे कोणालाही कळते. परंतु कर्जाची ही कल्पना प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही. जमिनीवर आखलेल्या रेषेला कसले आले आहे कर्ज? रेषेची लांबी ऋण असणे म्हणजे काय, हा प्रश्न बाकी होता.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. या ग्रंथाचे चार भाग मानतात. पहिला लीलावती, दुसरा बीजगणित, तिसरा ग्रहगणित आणि चौथा गोलाध्याय. त्यांतही लीलावतीची कीर्ती सर्वांत मोठी. भुंगे, हंस, साप आणि मोर, वाऱ्याने मोडलेला वेळू, अशा ओळखीच्या गोष्टींतून त्यांनी त्यात उदाहरणे घातली आहेत. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या असून तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकला, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैझीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा आहे. कथा गोड आहे, परंतु स्वतः भास्कराचार्यांनी ती कोठेही सांगितलेली नाही. लीलावतीची खरी थोरवी तिच्यातील गणितात आहे.

त्या गणितातील एक उदाहरण विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. एक त्रिकोण आहे. त्याचा पाया ९ हात, एक बाजू १० हात आणि दुसरी बाजू १७ हात. वरच्या शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकावयाचा. साधारणपणे लंब पायावर पडतो आणि पायाचे दोन तुकडे करतो. या तुकड्यांना आबाधा म्हणतात. या त्रिकोणातील आबाधा किती आणि लंब किती, असा प्रश्न आहे.

आबाधा काढण्याचा नियम सोपा आहे. दोन्ही बाजूंची बेरीज करावी, वजाबाकीही करावी, त्या दोहोंचा गुणाकार करावा आणि त्यास पायाने भागावे. येथे बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९. त्यास ९ ने भागले की २१ येतात. ही संख्या पायातून वजा करून निम्मी केली म्हणजे लहान आबाधा मिळते आणि पायात मिळवून निम्मी केली म्हणजे मोठी आबाधा मिळते. मोठी आबाधा काढण्यास अडचण नाही. ९ आणि २१ मिळून ३०, त्याचे निम्मे १५. परंतु पाया तर अवघा ९ हातांचा आहे! ९ हातांच्या पायाचा एक तुकडा १५ हातांचा कसा? आणि लहान आबाधा काढण्यास जावे तर ९ मधून २१ वजा होत नाहीत.

येथे एखाद्याने उदाहरणच चुकीचे आहे असे म्हणून पाटी पुसली असती. भास्कराचार्यांनी तसे केले नाही. किंबहुना हे उदाहरण त्यांनी मुद्दामच निवडले असावे असे वाटते, कारण त्याची उत्तरे अगदी पूर्णांकांत येतात. ९ मधून २१ वजा होत नाहीत, तेव्हा २१ मधून ९ वजा करावे. बाकी १२, निम्मे ६. ही ६ हातांची आबाधा ऋण समजावी, आणि ऋण म्हणजे उलट दिशेची, असे त्यांनी तेथेच सांगून टाकले आहे.

जमिनीवर आकृती काढून पाहिले की सर्व उलगडा होतो. या त्रिकोणाचा एक कोन इतका पसरट आहे की शिरोबिंदू पायाच्या टोकाबाहेर झुकला आहे. तेथून टाकलेला लंब पायावर पडतच नाही. तो पायाच्या टोकापासून ६ हात बाहेर पडतो. पायाच्या दुसऱ्या टोकापासून लंबापर्यंतचे अंतर १५ हात. पायाच्या पलीकडे गेलेले ६ हात उलट बाजूचे, म्हणून ते १५ मधून वजा करावयाचे. बाकी बरोबर ९ हात, म्हणजे पाया. लंबाची लांबी दोन्हीकडून सारखीच निघते. १० च्या वर्गातून ६ चा वर्ग वजा केला तर ६४ उरतात, आणि १७ च्या वर्गातून १५ चा वर्ग वजा केला तरी ६४ च उरतात. म्हणून लंब ८ हात आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ ३६ चौरस हात.

लीलावतीत ऋणसंख्यांचे प्रकरण नाही. ते पुढच्या भागात, बीजगणितात आहे. असे असूनही, रेषा आणि कोन शिकविताना ऋण हा शब्द आला तेव्हा त्यांनी तो टाळला नाही, आणि कर्जाचा दाखलाही दिला नाही. ऋण म्हणजे उलट दिशा एवढे दोन शब्द त्यांना पुरले. ऋण ६ हात म्हणजे काहीच नाही असे नव्हे, किंवा शून्याहून लहान असे काहीतरी अद्भुतही नव्हे. चालावयाचे ६ हातच, परंतु तोंड फिरवून.

मात्र प्रत्येक ऋण उत्तराला अर्थ असतोच असेही त्यांनी मानले नाही. बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वानर कमी केले आणि उरलेल्यांचा वर्ग केला, तितके वानर गुहेत शिरले. एकच वानर बाहेर झाडावर दिसत राहिला. तर एकंदर वानर किती? गणित केले म्हणजे दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले की ७, त्याचा वर्ग ४९ आणि बाहेरचा एक, मिळून ५०. हे उत्तर ठीक आहे. पाचांचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की ऋण २, त्याचा वर्ग ४ आणि बाहेरचा एक, मिळून ५. गणिताच्या दृष्टीने हेही बरोबर. परंतु ऋण दोन वानर कोणी पाहिले आहेत काय? लोकांना हे पटणार नाही, म्हणून दुसरे उत्तर घेऊ नये, असे भास्कराचार्य म्हणतात. रेषेला दोन बाजू असतात, वानराला उलट दिशेचा वानर नसतो. एका ठिकाणी ऋण उत्तर स्वीकारणे आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारणे यांत विसंगती नाही. आकड्यामागची वस्तू कोणती आहे हे ते प्रत्येक वेळी पाहत होते.

दिशेविषयीचा त्यांचा हा विचार गोलाध्यायात आणखी खोल गेलेला दिसतो. पृथ्वी गोल असून ती कोणत्याही आधारावाचून अवकाशात राहिली आहे, असे त्यांनी सांगितले. तिला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, असे किती मानावयाचे, हा त्यांचा युक्तिवाद आहे. मग पृथ्वीच्या खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत? त्यांचे उत्तर असे की खाली आणि वर या दिशा सर्वांच्या सारख्या नाहीत. जो जेथे उभा असतो तो पृथ्वी आपल्या खाली आहे आणि आपण तिच्या वर आहो असेच मानतो. त्याच्यापासून परिघाच्या चौथ्या भागावर राहणारे लोक त्याला आडवे वाटतील, अर्ध्या परिघावर राहणारे लोक पाण्याकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबासारखे उलटे वाटतील. तथापि ते सर्व लोक आपापल्या ठिकाणी आपल्याइतकेच निर्धास्तपणे राहतात.

पूर्व आणि पश्चिम यांच्यासंबंधी त्यांनी जे लिहिले आहे ते वाचून तर प्रथम कोणीही चकित होईल. प्राचीन ज्योतिषांत विषुववृत्तावर चार नगरे कल्पिली होती. उज्जयिनीच्या थेट दक्षिणेस लंका आणि लंकेच्या पूर्वेस परिघाच्या चौथ्या भागावर यमकोटी ही त्यांपैकी दोन. (ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे.) भास्कराचार्य सांगतात की उज्जयिनीहून ठीक पूर्वेकडे परिघाच्या चौथ्या भागाइतके अंतर गेले की यमकोटी येते, परंतु यमकोटीच्या ठीक पश्चिमेस उज्जयिनी नाही, लंका आहे. एक गाव दुसऱ्याच्या पूर्वेस असेल तर दुसरे पहिल्याच्या पश्चिमेस असलेच पाहिजे, अशी आपली सर्वांची समजूत असते. गोलावर ही समजूत विषुववृत्ताखेरीज कोठेही खरी ठरत नाही.

शाळेतील पृथ्वीगोलावर दोरा ताणून याचा पडताळा घेता येतो. दोऱ्याचे एक टोक उज्जैनवर धरावे, दोरा बरोबर पूर्वेकडे वळवावा आणि गोलावर सरळ ताणून न्यावा. दोरा अक्षवृत्ताला धरून राहत नाही. तो हळूहळू दक्षिणेकडे उतरतो आणि पाव परिघ संपताच विषुववृत्तावर येऊन पोहोचतो. तेथून मागे पाहिले तर दोरा वायव्येच्या बाजूने आलेला दिसतो. ठीक पश्चिमेकडे पाहावे तर दृष्टी विषुववृत्तावरूनच जाते. सपाट अंगणातील पूर्व-पश्चिम रेषा आणि गोल पृथ्वीवरील पूर्व-पश्चिम यांतील हा भेद शंकूची सावली मोजणाऱ्या या आचार्यांनी मनातल्या मनात गोल फिरवून ओळखला होता.

केवळ नियम पाठ करून पंचांग करणाऱ्यांविषयी त्यांना आदर नव्हता. गोलाचे ज्ञान नसलेला गणक म्हणजे तुपावाचून जेवण, राजावाचून राज्य आणि चांगल्या वक्त्यावाचून सभा, असे त्यांनी म्हटले आहे. कोठे मिळवावे आणि कोठे वजा करावे हे पाठ करता येते. परंतु का मिळवावे हे ज्याला ठाऊक नाही त्याची स्मृती एकदा चुकली की त्याला सावरण्यास दुसरे काही नसते. म्हणून भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली आणि नियमांमागील कारणे उलगडून दाखविली. वासना म्हणजे येथे उपपत्ती. त्यानंतर शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या कामास सोयीचा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते.

पुढे सुमारे सोळाशे सालच्या सुमारास, विदर्भातून काशीस गेलेल्या एका घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी बीजगणितावर टीका लिहिली. त्यांनी लीलावतीतील त्या उलट दिशेच्या आबाधेचा आधार घेऊन ऋणाचा अर्थ अधिक व्यापक केला. स्थळात ऋण म्हणजे उलट दिशा, काळात ऋण म्हणजे उलटा काळ, वस्तूंत ऋण म्हणजे देणे. पूर्वेकडे जाणे धन मानले तर पश्चिमेकडे जाणे ऋण होईल. पश्चिमेस धन मानले तर पूर्व ऋण होईल. युरोपातील अनेक पंडित त्या काळीही ऋणसंख्यांना खोट्या संख्या समजत असत. १६८५ मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने एका रेषेवर पुढे आणि मागे चालणाऱ्या मनुष्याचे उदाहरण देऊन ऋणसंख्या समजावून सांगितली. लीलावती लिहून तेव्हा ५३५ वर्षे झाली होती. लीलावती इंग्रजीत मात्र त्यानंतर पुष्कळ उशिरा गेली. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले.

आज शाळेतील मुले संख्यारेषेवर शून्याच्या उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण संख्या मांडतात. भूमितीत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारा कोन धन मानण्याचा प्रघात आहे. जहाजावरील होकायंत्रात मात्र उत्तरेपासून काट्यांच्या दिशेनेच अंश मोजतात. नकाशाच्या गणितात पूर्वेचे रेखांश धन धरतात. भास्कराचार्यांच्या देशांतराच्या हिशेबात पूर्व ऋण होती. यांत कोणाचेही चुकलेले नाही. कोणती बाजू धन मानावयाची हे आरंभी ठरवावे लागते आणि हिशेब संपेपर्यंत पाळावे लागते, इतकेच.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही थोर विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना सन्मानपूर्वक आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाच्या दरबारी ज्योतिषी होते. आपल्या आजोबांचे ग्रंथ नुसते पोथ्यांत पडून राहू नयेत, ते शिकविले जावेत, या हेतूने चांगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातील इतर ग्रंथ यांचे तेथे अध्ययन व्हावयाचे होते. त्या प्रदेशाचे निकुंभ वंशातील अधिपती सोइदेव आणि त्यांचे बंधू हेमाडीदेव यांनी या मठास देणग्या दिल्या. शिलालेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण मठाला बाजारातून काय काय मिळावयाचे, घाण्यांमागे किती तेल द्यावयाचे, हा व्यवहाराचा मजकूर लोकांना कळावा म्हणून त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. दान देण्यासाठी १२०७ सालच्या श्रावणातील पौर्णिमा निवडली होती. त्या रात्री चंद्रग्रहण होते.